मोरीच्या खिडकीतला पिंपळ

आमच्या मोरीच्या खिडकीबाहेर, भिंतीच्या फटीत पिंपळ उगवला आणि माझं डोकंच फिरलं. लालबागच्या जुन्या चाळीत हे काही नवीन नाही. कावळा बी टाकतो, भिंत ओल धरते, की झालं. पण एकदा मूळ आत शिरलं की भिंत फोडल्याशिवाय ते राहत नाही, आणि खालच्या काकूंच्या छतातून आधीच ठिबकत होतं. मी तो उपटला. पुन्हा आला. बुंध्यात हिंग भरला, ऍसिड ओतलं. मेला पुन्हा हजर, पानं आधीपेक्षा तुकतुकीत.

येणार नाही तर काय? आई रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालायची. मी उपटायचं, तिने शिंपायचं. भांडलं तरी दुसऱ्या सकाळी तांब्या भरलेलाच. संध्याकाळी वारा पडलेला असायचा, दोरीवरचे कपडे हलत नसायचे, आणि हा एकटा सळसळत असायचा. मी खिडकी लावून घ्यायचे, तरी ऐकू यायचं.

माझा धाकटा भाऊ मालवाहू बोटीवर कुक होता. पिंपळ उगवला त्याच्या आदल्या वर्षी एका सकाळी हजेरीला तो सापडला नाही. बोट भर समुद्रात होती. पडला असावा, असं कंपनीने कळवलं. भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून क्रिया करता येते. मी त्यांच्यावर खेकसले, "बॉडी कुठाय? मग कसली क्रिया?" आई गप्प बसली. मला वाटलं, तिच्याही मनात तेच आहे. गेलेल्या माणसासाठी पिंपळाला दहा दिवस पाण्याचा घट बांधतात, तोही आम्ही बांधला नाही. त्याचा मोबाईल नंबर मी रिचार्ज करत राहिले. समुद्रात रेंज नसते, एवढंच, असं स्वतःला सांगत राहिले.

ऑफिसातल्या बायकांनी क्रूझचं बुकिंग केलं तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. आई म्हणाली, "मी येतंय." जिने कधी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली नाही, ती! बॅलार्ड पिअरला तपासणीत तिच्या पिशवीतून पितळेचा गडू निघाला, तोंड कणकेने बंद केलेला. तिने सांगितलं, गंगाजल आहे. मला माहीत होतं, त्यात आमच्या नळाचं पाणी आहे. मागे रांग खोळंबली होती, मी पिशवी उचलली.

बोटीवर सगळं चकाचक. बुफेला ढकलाढकली, डेकवर गरबा, जो तो फोटोत. मुंबईचे दिवे मागे पडले तशी मोबाईलची रेंज गेली. स्क्रीनवरचा रेंजचा कोपरा रिकामा झाला. सवयीने त्याचा नंबर लावला, तर फोन नुसता मुका.

केबिनमध्ये आले आणि जागीच थांबले. तीच सळसळ. एसीच्या जाळीतून येतेय म्हणून एसी बंद केला. थांबली नाही. बाल्कनीचं दार लावलेलं, पडदा स्तब्ध. मी आईकडे बघितलं. तिलाही ऐकू येत होतं, हे तिच्या कललेल्या मानेवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती गडू घेऊन बाल्कनीत गेली. आभाळ कुठे संपतं, पाणी कुठे सुरू होतं, काही दिसत नव्हतं. तिने कणीक खरवडून काढली आणि पाणी खाली सोडलं.

"थयसर सगळा खारा," ती म्हणाली. "पिवक काय गावता तेका?"

मी म्हटलं, "आई, तुला वाटतं तो गेला?"

"माका पयल्यापासून म्हायत होता. तुका सोसवना नाय, म्हणान गप ऱ्हवलंय."

म्हणजे रोजचं ते पाणी त्याच्यासाठी होतं. आणि मी तो पिंपळ का उपटत होते, हेही मला तेव्हाच कळलं. भिंतीची काळजी होतीच. पण त्याला घातलेलं पाणी मला बघवत नव्हतं. मी रिकामा गडू तिच्या हातातून घेतला. आत आलो तेव्हा केबिनमध्ये काही ऐकू येत नव्हतं.

घरी आल्यावर तिने तांब्या माझ्या हातात दिला. "आज तू घाल." मी खिडकीतून हात बाहेर काढून पाणी घातलं. "पी रे," म्हटलं आणि मोरीतच बसून रडले, लहान पोरीसारखी. वारा सुटला होता, कपडे फडफडत होते. पिंपळाचं एक पान हललं नाही.

मग क्रिया झाली. घट त्याच पिंपळाला बांधला, दहा दिवस मीच भरला. अकराव्या दिवशी आई म्हणाली, "आता काढ तेका." मी बुंधा धरला तर तो मुळासकट सहज हातात आला, एवढी वर्षं मी उगाच झटत होते. फटीत बोट घातलं. ओल होती. जिभेला लावलं तर खारट. खालच्या काकू म्हणाल्या, जुन्या भिंतीला खार फुटतोच. असेल.

संध्याकाळी त्याच्या नंबरची मुदत संपत आल्याचा मेसेज आला. मी आईला वाचून दाखवला, रिचार्ज करू का विचारलं.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली.