हवेच्या गणितासाठी अर्ज

तुर्भे येथील वीज कार्यालयाबाहेर मी अर्ज लिहून देत असे. माझ्या मसुद्यापुढे भले भले साहेब मान डोलावत. तथापि नव्वदच्या दशकात आलेल्या एका गृहस्थाने मला ज्या संभ्रमात टाकले, त्यातून मी अद्याप बाहेर आलेलो नाही.

तो चष्मा पुसायला काढी आणि हातात तसाच धरून बोलत राही. त्याच्या घरच्या संगणकावरील गणिताला सलग नऊ दिवस लागत. दर शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाई आणि गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागे. त्याला वीज न जाणारा एकच शुक्रवार हवा होता.

“गणित कसलं?” मी विचारले.

“आवाजापेक्षा जोरात धावणाऱ्या हवेचं, काका.” त्याने तळहात माझ्या टेबलावरून सरकवला. “फळीला चिकटलेला हवेचा थर मंद असतो. वरून धक्क्याची लहर आदळली की बाकीची हवा पुढे जाते, हा थर उलटा फिरतो. किती फिरतो, ते काढतोय.”

मला काहीच उमगले नाही. म्हणून शिरस्त्याप्रमाणे मी लिहिले, ‘घरी वृद्ध मातोश्री प्राणवायूवर आहेत.’

तो हसला. “आई गावाला ठणठणीत आहे, काका. हवाच लिहा.”

मी हवा लिहिली. साहेबांनी अर्ज परत केला. शुक्रवारी वीज गेली.

शनिवारी तो चष्मा पुसत पुन्हा हजर. “पुढच्या शुक्रवारसाठी लिहा. मजकूर तोच.”

तो मजकूर मला आजही समजलेला नाही. परंतु एकही शब्द खोटा नसलेला माझ्या हातचा तेवढाच अर्ज होय.