हौदावरचा फेस

अंजनगाव सुर्जीच्या शिवारात आता पानमळे थोडेच उरलेत. त्यांतला एक देवमनजींचा. साठी उलटली तरी पानं ते स्वतः खुडतात, देठाला धक्का न लावता. मळा म्हणजे त्यांचं देऊळ. चपला कुडाबाहेर काढायच्या, आत थुंकायचं नाही, आणि साबणाचा तर थेंबही न्यायचा नाही. साबणानं वेल रुसते, ही घराण्याची समजूत.

मळ्यात एक झाडबेडकी आहे. अंगठ्याएवढी, हळदीच्या रंगाची. दिवे लागायच्या सुमारास लाकडावर टिचक्या माराव्यात तशी टकटक करते. देवमनजी तिला 'राखणदारीण' म्हणतात. ती बोलली नाही तर त्यांना जेवण गोड लागत नाही.

मुलगा पियुष याचं अचलपूरला मोबाइलचं दुकान. तो मळ्याकडे फिरकत नाही. त्यामुळे सून पौर्णिमा आपणहून खुडणी शिकू लागली तेव्हा देवमनजींना वाटलं, मळा आपल्यामागेही राहील. पोरगी अकोल्याच्या जठारपेठेतली, पण हात हलका.

श्रावणातल्या एका सकाळी हौदावर झुकलेल्या वेलीवर त्यांना पांढराशुभ्र फेसाचा गोळा दिसला. पौर्णिमा जवळच बादली भरत होती.

"इथं कपडे धुतले तुनं?"

"नाई मामाजी. साबण आनलाच नाई म्या."

"मंग हा फेस काय आभायातून पडला? उद्यापासून मळ्यात पाय ठेवायचा नाई."

ती बादली तिथंच ठेवून निघून गेली. घरी पार्वताबाईंनी नवऱ्याला सुनावलं, "शिकनारी एक होती, तिलेबी हाकललं. आता मळा काय त्या बेडकीच्या नावावर करता?"

देवमनजी उठले आणि मळ्याच्या कुडाचं दार दोरीनं बांधून आले.

दुसऱ्या दिवशी मळ्यात ते एकटेच. हौदापाशी गेले आणि थबकले. कालचा गोळा तसाच होता, आणि शेजारच्या वेलीवर आणखी एक, ताजा. कुडाचं दार तर त्यांनीच बांधलेलं. मग हा कोणी केला? आणि साबणाचा फेस रात्रभर टिकतो कुठं? त्यांनी बोट लावलं. चिकट. वास घेतला. साबणाचा नव्हे, ओल्या मातीचा.

त्या दिवसापासून खुडणी आटोपली की ते हौदाच्या काठावर उकिडवे बसू लागले. जुना गोळा तपकिरी पडला, वरून वाळला. मग एका सकाळी तो खालून ओघळला आणि त्यातून काहीतरी टपकन पाण्यात पडलं. पाठोपाठ दुसरं. देवमनजी वाकले. पाण्यात बारीक शेपट्या वळवळत होत्या. वेलीवर चढणारी बेडकी मळ्यात एकच, म्हणजे ही राखणदारणीची पिल्लं! जन्मभर तिचा आवाज ऐकला, पण तिचं घर कधी पाहिलं नव्हतं.

ते लगबगीनं घरी आले. पौर्णिमा अंगणात ज्वारी पाखडत होती.

"चाल, एक गंमत दाखवतो."

"मी कावून येऊ? मले तं मनाई हाय."

"अवं, तो फेस बेडकीचा होता."

"म्हंजे माहा नव्हता. हे पयले आत्याबाईसमोर सांगा."

तिच्या सासूबाई, पार्वताबाई, चुलीपुढून उठून दारात आल्या. देवमनजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"चुकलं माहं," ते म्हणाले. "पोरीनं साबण नेला नव्हता."

"जोरानं सांगा, मले कमी आयकू येते," पार्वताबाई म्हणाल्या. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येत असे.

ते जोरानं म्हणाले. शेजारच्या शकुनबाईंनीही मान वर केली. पौर्णिमानं सूप खाली ठेवलं.

हौदाशी ती बराच वेळ वाकून पाहत राहिली. "मामाजी, हे ओळ आता खुडायची नाई ना?"

"नाई."

"व्यापारी बोंबलन."

"बोंबलू दे."

"पन एवढीशी बेडकी एवढा फेस करते कशी?"

देवमनजींनी पुन्हा टोपी काढून डोकं खाजवलं.

"मले नाई मालूम," ते म्हणाले. "आता तू रोज येजो. दिसलं की मले सांगजो."