मुठीतला गुलाल

त्या पाच महिन्यांत मी देवाशी बोलणं टाकलं होतं, हे आधीच कबूल करतो. भांडण नव्हतं, सरळ अबोला होता. आणीबाणी उठल्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. उद्यमनगरातल्या ज्या कारखान्यात मी चौदा वर्षं मोल्डर होतो, तिथली भट्टी एका सोमवारी पेटलीच नाही. इंजिनांची मागणी पडली होती. आम्हा सगळ्यांना फाटकाशी उभं करून साहेबांनी सांगितलं, की काम आलं की बोलावून घेऊ. माणूस वाईट नव्हता. पण बोलावणं काही आलं नाही.

मोल्डरचं काम म्हणजे ओल्या वाळूत साचा उठवायचा आणि त्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतून घ्यायचं. याखेरीज मला काही म्हणजे काही येत नव्हतं, आणि शहरातले सगळे रिकामे मोल्डर त्याच फाटकांवर हिंडत होते. पहिला महिना मी ताठ मानेनं फिरलो. मग मान हळूहळू खाली आली. तिसऱ्या महिन्यापासून तर मोल्डर हा शब्दच तोंडातून काढेनासा झालो. कुठंही गेलो की सांगायचो, पडेल ते काम करतो. शाळेत शिपाई म्हणून विचारून आलो, वारणानगरला दुधाचे कॅन धुवायच्या कामासाठी दोनदा खेटे घातले. तिथल्या कारकुनानं माझ्या हातांकडं बघून विचारलं, आधी काय करत होता? मी म्हणालो, असंच किरकोळ काहीतरी. चौदा वर्षांच्या कामाला मी किरकोळ म्हणालो. त्या उत्तराची मला अजून लाज वाटते.

श्रावण लागला तेव्हा घरात ठरलं, की पत्नीनं दोन्ही मुलींना घेऊन माहेरी गडहिंग्लजकडं जायचं आणि मी पुण्याला लांबच्या एका नातेवाइकाकडं राहून काम बघायचं. ठरलं म्हणजे मीच ठरवलं. एकदा घर असं मोडलं की ते पुन्हा एका छपराखाली कधी येणार, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मंगळवारची एसटी धरायची होती. ट्रंक सुतळीनं बांधून दाराशी ठेवली होती, आणि धाकटी तिच्यावर मांडी घालून अभ्यासाला बसायची. ते बघवत नसे, म्हणून मी तिच्यावरच खेकसायचो.

रविवारी सकाळी पत्नी म्हणाली, जोतिबाला जाऊन या. मी एकदम भडकलो. पाच महिन्यांत त्यानं काय दिलं म्हणून त्याच्या पायऱ्या झिजवू? ती शांतपणे तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मागायला नगासा जाऊ. गाव सोडतोय एवढं सांगून या. कुलदैवत हाय, त्याला न सांगता जात न्हाईत." चपला घरातच काढून ठेवल्या आणि निघालो.

डोंगरावर धुकं असं उतरलं होतं, की पुढची पायरी पाय ठेवल्यावरच कळायची. सांगून येतो म्हणून निघालो खरा, पण अर्ध्या वाटेत सगळ्या तक्रारी उफाळून आल्या. देवळापर्यंत माझं म्हणणं तयार झालं होतं: देवा, ही वाळू माझ्या हातातनं सोडव. कुठंही बसून करायचं काम दे, पण हे आता नको. अबोला सोडला तो असा, तोंड वाकडं करून.

गाभाऱ्यासमोर गर्दी होती. गुरवानं माझ्या ओंजळीत गुलाल टाकला आणि त्याच वेळी शेजारी कुणीतरी फोडलेल्या नारळाचं पाणी त्यावर उडालं. आजूबाजूला चांगभलंच्या गजरात लोक गुलाल उधळत होते. आणि मी काय केलं? मूठ घट्ट आवळली, उघडली, झालेला गोळा दोन्ही अंगठ्यांनी मधोमध मोडला आणि मोडलेली कड डोळ्यांजवळ धरून बघितली. मोल्डर साचा करण्यापूर्वी वाळू अशीच बघतो. कड सरळ तुटली तर वाळू बरोबर, हाताला चिकटली तर पाणी जास्त. "पाणी जास्त झालंय," असं मनात येऊनसुद्धा गेलं! मग भानावर आलो. देवाचा गुलाल मी वाळूसारखा तपासला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईनं तो कपाळाला फासला आणि बाजूला सरकलो.

"पावणं, मोल्डर काय?"

बघतो तर पन्नाशीचा एक माणूस, डोक्याला पांढरी जाळीची टोपी, हातात नारळ. त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोल गोल डाग होते. भट्टीतल्या ठिणग्यांचे ते डाग मी कुठंही ओळखले असते. तरी माझ्या तोंडून निघालं, न्हाई. तो हसला. म्हणाला, मग गुलाल मोडून कशाला बघितला? आणि माझा हात धरून त्यानं मला दीपमाळेजवळ बसवलं.

उचगावच्या एका लहान फाउंड्रीत तो भट्टीवरचा मिस्त्री होता. मालकाचे गुडघे गेलेले, त्यामुळं महिन्याच्या पहिल्या रविवारी मालकाच्या नावाचा नारळ हा मुसलमान मिस्त्रीच डोंगरावर आणायचा. आठ वर्षं हे चाललं होतं. मात्र पंधरा दिवसांपूर्वी त्यांचा जुना मोल्डर गावी शेती करायला निघून गेला आणि तेव्हापासून प्रत्येक नग भोकं पडून निघत होता. "मालक म्हणत्यात, द्येव रागावलाय. मी म्हणतो, द्येव कशाला रागावंल? वाळूत पाणी जास्त हाय. पण वाळू कळणारा माणूस आणू कुठनं?"

मला रडू फुटलं. अनोळखी माणसापुढं, भर देवळात. सगळं सांगून टाकलं, अगदी ते किरकोळ म्हणालेलंसुद्धा. पाच महिन्यांत वाळूला हात लावला नाही, हेही सांगितलं. तो एवढंच म्हणाला, उद्या सकाळी या की.

सोमवारी गेलो. मालक साशंक होता. मी वाळू मुठीत धरली, ती सगळी बोटांना चिकटली. पसरून वारा दिला, कोरडी वाळू मिसळली, मोडून बघितली, पुन्हा मिसळली. मग साचा ठोकला. बीड ओतून झालं आणि ते निवेपर्यंत मी भिंतीला टेकून बसलो. खरं सांगतो, त्या वेळी मी काहीच मागितलं नाही. जे होईल ते तुझं, एवढंच मनात होतं, आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा छाती हलकी वाटली. मिस्त्रीनं साचा फोडला, नगावर हातोडी मारली. घंटेसारखा आवाज आला. एकही भोक नव्हतं. मालक म्हणाला, उद्यापासून आठला येत चला.

घरी पोचलो तेव्हा पत्नी दारातच होती. तिनं माझ्या नखांपर्यंत काळ्या झालेल्या हातांकडं बघितलं. खाली बसली आणि ट्रंकेची सुतळी सोडायला लागली. गाठ पक्की होती, मीच मारली होती. शेवटी दातांनी सोडवली तिनं. आता मी बसायचं कुठं, म्हणून धाकटीनं भोकाड पसरलं, आणि आम्ही दोघं हसता हसता रडलो.

यात चमत्कार होता की योगायोग, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मला एवढंच कळतं, की ज्या हातांची मला लाज वाटत होती, ते देवानं माझं न ऐकता जसेच्या तसे ठेवले. माझं मागणं त्यानं मानलं असतं, तर आमची चूल त्याच मंगळवारी दोन गावांत गेली असती. तेव्हापासून मी मागत नाही. काम करतो आणि बाकीचं त्याच्यावर सोपवतो.

मिस्त्री आता नाही. मालकाचा नारळ मी घेऊन जातो. गुलाल हातात आला की आधी मूठ आवळून, मोडून बघतो, मग उधळतो. गुरव हसतो. देवाला ठाऊक आहे, तो माझा नमस्कार आहे.