सुईचं नेढं

निपाणीत सुविधाच्या हातचा ब्लाउज एकदा अंगात घातला की बाई दुसऱ्या शिंप्याची पायरी चढत नाही. असं सुविधाच सांगते, म्हणजे प्रश्नच मिटला.

चार वर्षांमागं तिला नसलेल्या माणसांची बोलणी ऐकू यायची. गोळ्यांनी ते आवाज गप्प झाले. मधे एकदा शेजारच्या शालूबाईचं ऐकून तिनं गोळ्या सोडल्या, तर महिन्याभरात आवाज परतले आणि एका नवरीच्या ब्लाउजच्या तिनं चिंध्या केल्या. तेव्हापासून गोळी कधी चुकली नाही. पण यंदा डोस वाढला आणि हात थरथरू लागले. सुईत दोरा जाईना. काजं, हुक, सगळं अडलं. आई तानीबाई मग दुपारी उन्हाला बसून तिच्यासाठी सुया ओवून ठेवायची.

शालूबाई पुन्हा आलीच. "सोड गं त्या गोळ्या. हातच गेलं तर खाशील काय?"

"आणि डोस्कं गेलं तर, आक्का? गोळी सोडणार न्हाय. डाक्टरलाच गाठते."

बेळगावच्या डॉक्टरांनी झोप विचारली, भूक विचारली. हात कापतात म्हटल्यावर "थोडं होतंच" म्हणत त्यांनी पेन उचललं. सुविधानं पिशवीतून सुई-दोरा काढला.

"थोडं म्हंजे किती, बघा की."

एकदा, दोनदा, सातदा. दोरा नेढ्याभोवती नुसता फिरत राहिला. तिला रडू फुटलं, पण तिनं हात खाली घेतला नाही. डॉक्टरांनी पेन ठेवलं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगिटलं की मागल्या खेपेला. दावलं नव्हतं."

त्यांनी नीट तपासून डोस जरासा उतरवला. "मनानं कमीजास्त करायचं नाही. आवाज आले तर त्याच दिवशी फोन."

रोज सकाळी सुविधा सुई ओवून बघायची आणि कितव्यांदा जमलं ते खडूनं मशीनच्या फळीवर लिहायची. नऊ, दहा, पुन्हा नऊ. मग सात. आवाज काही आले नाहीत. महिन्यानं फळीवर तीनचा आकडा पडला, तेव्हा तिनं आईला बजावलं, "आये, आता माज्या सुया मीच ववणार."

तानीबाईनं आपली गोधडीची सुई पुढं केली. "मग ही बी वव. मला दिसत न्हाय."

"मग माज्या कशा ववत होतीस?"

"एकेक सुई अर्धा तास खायची, बाई."

सुविधानं आधी डोळे पुसले, मग दोरा ओला केला. चौथ्या खेपेला गेला.