भावोजींचं पाणी

आमच्या भावोजींनी आयुष्यात सगळ्यांवर विश्वास ठेवला. नातेवाइकांवर ठेवला, सुताराच्या 'उद्या नक्की'वर ठेवला, अगदी बंगळुरातल्या रिक्षावाल्यांवरही ठेवला; पण पाण्यावर कधी ठेवला नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. नोकरीभर त्यांनी एका कारखान्यात बॉयलरचं पाणी तपासलं आणि निवृत्त झाल्यावर हाताला काम उरलं नाही म्हणून जगातलं उरलेलं पाणी तपासायला घेतलं. खिशात कायम कागदी पट्ट्यांची डबी. पट्टी पाण्यात बुडवायची, तिचा बदललेला रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा आणि निराशेने मान हलवायची. एकदा देवळात पुजाऱ्यांनी तळहातावर घातलेल्या तीर्थातच त्यांनी पट्टी बुडवली. "स्वल्प आम्ल आहे, पण चालेल," असं म्हणून मग ते प्राशन केलं. अक्का खांबाकडे तोंड करून उभी राहिली आणि मी चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर पडलो. त्यांच्याबरोबर कुठेही गेलं की आमच्यापैकी कुणाला तरी चपला शोधाव्याच लागत.

अशा माणसाच्या पाठदुखीवर उपाय म्हणून त्यांच्या मुलीने, वैदेहीने, सर्जापूर रोडवरच्या घराच्या गच्चीत गरम पाण्याचा टब बसवून दिला. पाठ राहिली बाजूला, भावोजींना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं. सकाळी उठून टबातलं पाणी तपासायचं, मोजून क्लोरीन घालायचं, आम्लता पाहायची, फिल्टर काढून धुवायचा. गरम पाण्यात क्लोरीन भराभर उडून जातं, आणि माणसं आत बसली की आणखी भराभर, म्हणून माणसांवर त्यांचा खास राग. "माणूस म्हणजे घाम, तेल आणि पावडर," ते म्हणत, "पाण्याला माणूस सोसत नाही." टबात उतरायच्या आधी साबण लावून अंघोळ सक्तीची, वर ते जातीने डोक्याचा वास घेऊन तेलाची खात्री करत. कोरमंगलात राहणारा माझा एक सहकारी मोठ्या हौसेने आला होता. त्याला त्यांनी पुन्हा खाली अंघोळीला पिटाळलं. तो अंघोळ करून, कपडे करून, परस्पर घरी गेला. सोमवारी ऑफिसात त्याच्याकडे बघायची मला चोरी.

त्यांचं आवडतं व्याख्यान वासाचं. "लोकांना वाटतं, टबाला उग्र वास आला म्हणजे औषध जास्त झालं. उलट आहे. क्लोरीन घाणीशी झगडून थकलं की तो वास सुटतो. वास आला की माणसं बाहेर काढायची, औषध वाढवायचं आणि पाणी नीट होईपर्यंत कुणाला आत सोडायचं नाही." हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की आमच्या घरातलं मांजरही सांगू शकलं असतं.

वैदेहीचं लग्न ठरलं ते बसवनगुडीतल्या एका जुन्या मराठी घरात. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेली, निम्मं कन्नड बोलणारी गोड माणसं. व्याह्यांना सगळे अण्णा म्हणत. ती मंडळी पहिल्यांदा जेवायला आली त्या दिवशी अक्काने भावोजींना बजावलं, "आज पट्टी नाही, व्याख्यान नाही आणि कुणाच्या डोक्याचा वास घ्यायचा नाही." भावोजींनी शब्द पाळला. अण्णा, जावईबापू, त्याचा भाऊ आणि मी, सगळे अंघोळीशिवायच टबात उतरलो. विहीणबाई काठावर पाय सोडून बसल्या. भावोजी बॉयलरचे किस्से सांगत होते आणि अण्णा पोट धरून हसत होते. इतक्यात विहीणबाई म्हणाल्या, "स्वल्प दवाखान्यासारखा वास येतो ना?"

मी भावोजींकडे पाहिलं. ते औषधाच्या डब्याकडे बघत होते. दारातून अक्का त्यांच्याकडे बघत होती.

"नवीन टब आहे," भावोजी म्हणाले. "येतो थोडा."

आणि पुढचा किस्सा सुरू केला.

दोन दिवसांनी माझ्या कमरेवर, चड्डी पाण्यात चिकटून बसते तिथे, लाल पुरळ उठलं. भावोजींना दाखवलं तर त्यांचा चेहरा उतरला. "हे टबातलं आहे. त्यांनाही उठलं असणार." अक्का म्हणाली, "बसेल आपोआप. लग्न होईपर्यंत काही बोलू नका, पाया पडते." भावोजी म्हणाले, "अण्णांना साखर आहे गं. साखरेच्या माणसाला हे बाधू शकतं."

त्यांच्या आग्रहावरून मी गाडी काढली. बसवनगुडीत विहीणबाईंनी कॉफी आणली. भावोजींनी ती हातात धरली, प्यायली नाही, आणि भर बैठकीत, व्याह्यांना, विचारलं, "अण्णा, तुमच्या बसायच्या जागी पुरळ उठलंय का?" आयुष्यात इतकं मरण मला कधी आलं नव्हतं, आणि आज चपला शोधायलाही जाता येत नव्हतं. अण्णा लालबुंद झाले. मग सावकाश उठून भावोजींना आतल्या खोलीत घेऊन गेले. बाहेर आले तेव्हा कळलं की त्यांना चांगलंच उठलं होतं, ठणकतही होतं. पण लाजेकाजेस्तव त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

विहीणबाईंनी ट्रे खाली ठेवला. "मी वास येतो म्हटलं, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," भावोजी म्हणाले.

आम्ही अण्णांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत ते बरं केलंत. अण्णांना बरं व्हायला आमच्यापेक्षा जास्त दिवस लागले, पण झाले, आणि लग्नही ठरल्याप्रमाणे झालं. डॉक्टरांच्या दारातच अण्णांनी भावोजींच्या खांद्यावर हात ठेवून "परवागिल्ला, हरकत नाही, होतं असं कधीकधी" म्हणून विषय मिटवला होता. भावोजींना मात्र त्या माफीनेच आणखी वाकल्यासारखं झालं.

डॉक्टरांकडून परतताना आम्ही सिग्नलला बराच वेळ अडकलो. भावोजी खिडकीबाहेर बघत होते.

"मला ठाऊक आहे, मी सोबत असलो की तुम्हाला लाज वाटते," ते म्हणाले. मी नाही म्हणणार होतो, पण त्यांनी बोलू दिलं नाही. "त्या दिवशी सगळे हसत होते रे. माझ्यावर नव्हे, माझ्याबरोबर. म्हटलं, आता कुठे यांना बाहेर काढायचं."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, तरी मला पटकन गिअर टाकता आला नाही.