मेन स्विचपाशी मामी

कारखान्यात मामांना सगळे ‘कुलूप’ म्हणत. कुलूप आला, कुलूप जेवायला गेला, कुलूपला विचारा. विजेच्या पॅनेलला हात लावण्याआधी त्याचा स्विच बंद करायचा, दांड्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, हा त्यांचा नेम. मग टेस्ट लॅम्प आधी वीज असलेल्या जागी लावून पाहायचा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा पहिल्या जागी. दिवाच गेलेला असला तर तो खोटं बोलेल, म्हणून. सोबतचे म्हणत, एवढ्यात आमचं काम उरकून चहाही झाला असता. मामा म्हणत, मग माझ्या वाटचाही पिऊन या.

हा नेम एका दुपारी लागला. नोकरी नवी होती, लग्नही नवं होतं. पलीकडून कुणीतरी ‘बंद केलंय’ असं ओरडलं आणि मामांनी त्या शब्दावर पॅनेलचं दार उघडून पाना आत घातला. बंद केला होता तो शेजारचा स्विच. पाना दोन पट्ट्यांना एकदम टेकला आणि मधली हवाच पेटली. पांढरा जाळ उठला, एक भुवई गेली, आणि सदऱ्याची बाही वितळून हाताला चिकटली. दवाखान्यात त्या कापडाचे तुकडे कातडीतून वेचून काढताना मामी उशाशी उभी होती. तिने तेव्हाच कानाला खडा लावला.

त्यानंतर मामांचा सदरा तिच्या परीक्षेशिवाय घरात आला नाही. दुकानात ती कापडाच्या कडेचा एक धागा मागून घ्यायची आणि बाहेर पायरीवर जाऊन काडीने जाळायची. राख झाली तर सुती. वितळून मणी झाला तर दुकानदाराला नमस्कार. दुकानदार ती दिसली की आधीच काड्यापेटी पुढे करायचा.

घरी मात्र मामांनी कधी कुलूप वापरलं नाही. घरी मामी होती. एखादा सॉकेट बदलायचा असला की मामा दाराजवळच्या बोळातला मेन स्विच बंद करत आणि मामी त्याच्यापाशी उभी राही. कुणाला जवळ फिरकू देत नसे. मामा आतून मधूनमधून हाक मारत, “आहेस ना?” ती म्हणे, “आहे.” भांडण झालेलं असलं तरी ती उभी राही, फक्त ‘आहे’ जरा तिरसट यायचं. अबोला मोडण्यासाठी मामा धडधाकट सॉकेटही उघडून बसतात, असा तिला संशय होता.

मामा निवृत्त झाले आणि काही वर्षांनी मामीचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजारणीचं नाव, मग दूध गॅसवर आहे हे. ओल्या हातांनी ती वॉशिंग मशीनची पिन काढू लागली तेव्हा मामा धास्तावले. कुठे वीज अंगात उतरू लागली तर क्षणात सगळा पुरवठा तोडणारा स्विच घरात बसवायचाच, असं त्यांनी ठरवलं. तोवर स्वयंपाकघरातला एक सैल सॉकेट दुरुस्त करायला घेतला. मामी नेहमीच्या जागी उभी राहिली.

“आहेस ना?” मामांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. मामांनी हात मागे घेतला, पण पुरता नाही. फ्रिज घरघरला आणि बोटांतून खांद्यापर्यंत झटका गेला. ते स्टुलावरून खाली पडले. मामी पदराने वारा घेत दारात आली आणि म्हणाली, किती उकडतंय, पंखा कुणी बंद केला होता?

संध्याकाळी लेक आली. तिने वडिलांच्या कोपराला मलम लावलं आणि हलक्या आवाजात बरंच काही सुनावलं. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलंत, घरात मात्र भरवशावर चाललात. यापुढे बाहेरचा वायरमन बोलवायचा आणि आईला तिथे उभं करायचं नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं. त्यात खोडायला काही नव्हतं. दाराआडून मामीनेही ऐकलं होतं. जेवताना तिने विचारलं,

“आता मी उभी नाही राहायचं?”

मामांनी भाताकडे बघत सांगितलं, बघू. ती बाकी सगळं विसरे, पण हे विसरली नाही. दिवसातून कितीदा तरी बोळात जाऊन मेन स्विचसमोर उभी राही आणि हाक आली नाही की परत येई.

नवा स्विच आणला त्या सकाळी मामांनी पेटीतून कारखान्यातलं कुलूप काढलं. मेन बंद केला आणि कुलूप मामीच्या हातात दिलं.

“हे तू घाल. नीट ओढून बघ.”

तिने घातलं, दोनदा ओढून पाहिलं. किल्ली मामांच्या खिशात टाकली, खिशाचं बटण लावलं. मग सवयीने त्यांच्या कॉलरचं कापड चिमटीत धरून चोळलं. सुती होतं. त्यांना जायला वाट दिली. मामांनी आत जाऊन बोर्डात टेस्ट लॅम्प लावला. वीज नव्हती. तरी त्यांनी शेजारणीच्या घरी जाऊन तो पेटवून पाहिला आणि मगच पेचकस उचलला.

काम अर्ध्यावर आलं असताना लेक आली. बोळात अंधार आणि आई भिंतीला पाठ लावून उभी, हे पाहून ती चरकली. मेन नीट बंद आहे ना हे बघायला तिचा हात तिकडे गेला. मामीने मनगट धरलं.

“हात लावू नकोस. आत माणूस आहे.”

लेकीला कुलूप दिसलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तिने हळूच विचारलं, “कोण माणूस आहे, आई?”

मामीने आठवून पाहिलं. ओठ हलले, नाव आलं नाही.

“आहे एक,” ती म्हणाली. “तो हाक मारतो. मग आपण ‘आहे’ म्हणायचं असतं.”

 पिशवी खाली ठेवून लेक आईशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. आतून पेचकसाचा आवाज थांबला.

“आहेस ना?”

“आहे,” मामी म्हणाली.

काम आटोपल्यावर मामा बोळात आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. तिने त्यांच्या खिशाचं बटण काढलं आणि किल्ली घेतली.