झाकण न लावणारे कांबळे

आपल्याच संस्थेनं विकत घेतलेली वस्तू उघडून बघायची तुम्हाला मनाई आहे, असं कुणी सांगितलं तर तुम्ही गप्प बसाल? कोल्हापुरातल्या आमच्या दूधसंघात सगळे वर्षानुवर्षं गप्प बसले होते. बसले नाहीत ते एकटे कांबळे.

संघाचं सगळं काम एका काळ्या सर्व्हरवर चालायचं. त्याच्या झाकणाला कंपनीचं सील. ते फाटलं की कंपनी जबाबदारी झटकणार. मशीन अडलं की पुण्याहून इंजिनिअर येणार, तोही चार दिवसांनी. कांबळे संगणक विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे ते आणि पावत्या टाइप करणारी मी. सकाळी आले की सीलवर बोट फिरवून म्हणायचे, "बाई, आपुन ह्याचं मालक न्हवं. राखणदार हाय."

मी घरी येणाऱ्या चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली. लगेच मक्तेदारीविरुद्ध सुरू व्हायची. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर द्यायचे. "भाषण ऱ्हाऊ द्या. आदी ह्या कीबोर्डाचं स्क्रू काढा."

नवं शतक लागलं, संघात गावं वाढली, सर्व्हर भरला. कंपनीनं कळवलं, यात आणखी डिस्क बसत नाही, नवा मोठा घ्या. कांबळ्यांनी राजारामपुरीतल्या दुकानातून साधे सुटे भाग आणले, त्यावर लिनक्स ही कुणालाही फुकट वापरता येणारी प्रणाली घातली आणि नवा सर्व्हर उभा केला. भरला की आणखी डिस्क जोडायची, कुणाला विचारायचं नाही. झाकण मात्र लावलं नाही. "आत काय हाय ते लोकांस्नी दिसू दे की."

चेअरमन तालमीतून राजकारणात आलेले. त्यांनी त्या उघड्या तारांकडे बघितलं. "कांबळे, ह्यो सापळा बंद पडला तर?"

"तर मी घरी बसतो, साहेब. लिहून देतो."

आणि खरंच लिहून दिलं. घरी दोन मुली कॉलेजात, कमावते हे एकटेच. मी चिडले, तर म्हणाले, "भरवसा तोंडी ठेवून कसं चालंल?"

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. कांबळे बौद्ध; कुणाला अवघडायला नको म्हणून तेवढा वेळ ते चहाला बाहेर जायचे. शिपाई सखाराममामा ताट घेऊन आले. दरवर्षी ते काळ्या सर्व्हरच्या झाकणावर हळदकुंकू वाहायचे. यंदा त्याच्या जागी नवा सर्व्हर होता, आणि त्याला झाकणच नव्हतं. मामांनी भक्तिभावानं मूठभर हळदकुंकू आणि तांदूळ थेट आत वाहिले आणि वर तांब्यातलं पाणी शिंपडलं. मी ओरडेपर्यंत फट् असा आवाज झाला आणि पडदा काळा पडला.

खिडकीबाहेर टँकरवाले. "पावती द्या की वं बाई, आजऱ्याला माघारी जायाचंय!" चेअरमन कांबळ्यांनी लिहून दिलेला कागद हातात घेऊनच आले. कांबळे परतले, तेव्हा मामा रडत होते.

कांबळ्यांनी आत वाकून बघितलं. "मामा, रडू नगा. निवद न्हाय दावला, लई उपकार झालं."

मग त्यांनी डिस्क काढली, फडक्यानं पुसली आणि सरळ चेअरमनांच्या केबिनमध्ये गेले. तिथल्या संगणकावर चेअरमन फक्त पत्ते खेळायचे. कांबळ्यांनी तो उघडला, आपली डिस्क त्यात बसवली, तारा जोडल्या. लिनक्सनं नव्या घरात थोडी चाचपणी केली आणि पंधरा मिनिटांत प्रिंटर करकरायला लागला.

"ह्ये चालतंय कसं?" चेअरमन म्हणाले.

"भाग साधंच हायती की. त्येला कुटलंबी मशीन चालतंय."

"आन् मी पत्तं कशावर खेळू?"

"सतरंजीवर, साहेब."

बाहेर टँकरवालेसुद्धा हसले. चेअरमनांनी कागद फाडला, पण केबिनचा संगणक त्यांना परत मिळायला दिवाळी उजाडली.

नोकरी वाचली. दुसऱ्याच दिवसापासून कांबळे एका शंभर पानी वहीत सगळं लिहायला बसले: कुठली तार कुठं, काय बिघडलं तर काय करायचं. सगळं मराठीत, आकृत्या काढून. मी म्हटलं, "काका, हे सगळ्यांना कळलं तर उद्या तुमची गरजच उरणार नाही."

"मग काय? कंपनीचं सील काढून माझं लावू व्हय?"

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी ते गेले. तोवर ती वही वाचून आम्ही सर्व्हरला दोनदा नव्या डिस्का जोडल्या होत्या. एकदा तर सखाराममामांनी जोडली.

माझं एवढंच ऐका. तुमच्या कामातलं फक्त तुम्हालाच येतं असं एखादं काम निवडा. ते शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहून काढा, आणि उद्या सकाळी त्याच्या हातात द्या.